भेंडीची तार

आमच्या घरात भेंडीला तार सुटणं म्हणजे अब्रू जाणं. लग्न होऊन मुरुडला आले, त्या पहिल्याच महिन्यात मी हौसेने भेंडी केली. धुतली, चिरली, टाकली कढईत आणि वर झाकण. जेवताना सासूबाईंनी चमचा उचलला तर त्याच्याबरोबर लांबच लांब तार वर आली. कढई घेतली आणि थेट गोठ्यात गेल्या. म्हशीने आवडीने खाल्ली म्हणे. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. रडले कसली, चांगली चिडले होते.

मग त्यांनीच शिकवलं. भेंडी धुतली की एकेक फडक्याने पुसायची, सुपात पसरून वाळू द्यायची, मगच विळीवर घ्यायची. परतताना चार आमसुलं टाकायची आणि झाकणाचं नाव काढायचं नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षं माझी भेंडी कधी चिकट झाली नाही. शाळेत मी गणित शिकवते, पण पाहुण्यारावळ्यांत माझं नाव आहे ते भेंडीचं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना मोतीबिंदू झाला. रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई, तिला मथळासुद्धा दिसेना. मी वाचून दाखवायचे, तर म्हणायच्या, "बातम्या पळवतेस तू. मधलं सगळं गाळतेस." गाळतच होते. मला शाळा गाठायची असायची. ऑपरेशन ठरलं की साखर आडवी यायची. दोनदा अलिबागला गेलो आणि दोनदा तसेच परत आलो. दुसऱ्या खेपेला एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "राहू दे आता. उरलेलं न वाचताच काढीन." असलं रडगाणं त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं.

आठवड्याने साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गोळ्या बदलल्या, भात निम्म्यावर आणला, रोज चालायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू म्हणाल्या. सासूबाई शेजारच्या खोलीत रक्त द्यायला गेल्या, तेव्हा मी विचारलं, भेंडी चालेल का. वर ऐटीत हेही सांगितलं की आमच्याकडे तिला जराही तार नसते.

"अहो, तारेतच तर गंमत आहे," त्या म्हणाल्या. तो बुळबुळीतपणा पोटात जाऊन दाट होतो आणि भातातली साखर रक्तात हळूहळू उतरते. सब्जाचं, मेथ्यांचंही तसंच. "पण हे औषध समजू नका हं. जेवणाला हातभार, एवढंच. गोळी एकही चुकता कामा नये."

मला तिथेच हसू फुटलं. एवढी वर्षं आम्ही पुसून, वाळवून, आमसुलं घालून नेमकं तेच घालवत होतो.

सब्जा सासूबाई कुरकूर न करता प्यायच्या. भेंडीचं मात्र सांगायची माझी छाती झाली नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ताट सरकवलं असतं. मग मी ठरवलं, न सांगताच करायची. त्यांना कुठे दिसतंय? वाडीत भेंडी भरपूर लागली होती. आमसुलाची बरणी फळीवर मागे ढकलली, कढईवर झाकण ठेवलं आणि वरून सढळ हाताने ओलं खोबरं घातलं. नवऱ्याने पहिला घास घेऊन माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. गुपचूप जेवला बिचारा. सासूबाईही जेवल्या. पडवीत बसून आमटीतलं मीठ ओळखणारी बाई भेंडीबद्दल चकार शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं, जिंकले.

तीन महिन्यांनी साखर उतरली. गोळ्यांनी, चालण्याने की अर्ध्या भाताने, देव जाणे. मी मात्र मनातल्या मनात भेंडीला हार घातला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवशी सासूबाईंनी पेपर उघडला तो टेंडरच्या जाहिरातींसकट आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीचाही झाला नव्हता.

त्या रविवारी मी मुद्दाम जुनी भेंडी केली, पुसून, वाळवून, आमसुलं घालून. आता त्यांना दिसणार होतं ना! सासूबाईंनी ताटाकडे वाकून बघितलं, बोटाने एक काप उलटा केला आणि विचारलं, "तार कुठे गेली?"

"कसली तार, आई?"

"तीन महिने खातेय ती. अगो, डोळे अधू झाले होते, जीभ नव्हती झाली."

नवरा पाण्याचा पेला तोंडाला लावून हसायला लागला. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू पहिल्या घासाला जीव मुठीत धरून माझ्याकडे बघत बसायचीस. तेवढं मोतीबिंदूतूनही दिसायचं." मग पोळीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी ती पहिली भाजीही मी अशीच खायला हवी होती."

मी उठून त्यांना उगीचच आणखी भेंडी वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"ही पुरे. उद्या झाकण ठेवून कर."