चांदी गाळात रुतली तो दिवस

साखराबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सिरसाळ्याला दिली आहे. घरात ती आणि चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. पाटोद्याच्या बाजाराला गेली तरी तिचा जीव गोठ्यात असतो. पिशवी अर्धीच भरून मिळेल त्या गाडीनं परत येते. "चांदी वाट बघती," म्हणते. कुणी हसलं, तर विचारते, "तुमची कोण बघतंय का?"

गेल्या हिवाळ्यात ही चांदी मांजरा नदीत रुतली. मांजरेला आमच्या काठाच्या बाजूनं पाण्याखाली लांब गवत दाट माजलं होतं. म्हशींना ते फार आवडतं. पण त्या गवतात पाणी थबकतं, आणि पाण्यातला गाळ तिथंच खाली बसत जातो. वरून हिरवंगार, तळाला मऊ चिखल. चांदी खात खात आत गेली आणि पोटापर्यंत बसली.

आरडाओरडा ऐकून मी धावले, कारण माझी आरोही धुणं घेऊन तिकडंच गेली होती. बघते तर ती कंबरभर पाण्यात, म्हशीचं तोंड वर धरून उभी.

"बाहेर ये आधी!"

"आई, दगडावर उभी आहे मी. घाबरू नको."

साखराबाईचा पुतण्या सुग्रीव आणि आणखी काही जण दोर ओढत होते.

"काकू, लई चारलंस हिला. आता उचलायची कुणी?"

"तुलाबी म्याच चारलंय. ओढ!"

पण ओढलं की चांदी धडपडायची आणि आणखी खाली जायची. दोर मानेला काचत होता. साखराबाईनं तो हिसकून घेतला.

"सोडा. मान मोडाल तिची."

"मग गाळ काय फावड्यानं उपसू?"

"उपसायचा कावून? धुण्याच्या जागंचा गाळ आमी बाया कधी उपसतो का? गवत तेवढं उपटतो, गाळ पाणीच नेतंय. वरच्या अंगाचं गवत काढा!"

लुगडं खोचून ती स्वतःच उतरली. विळे आले. गवताचे ओले भारे काठावर पडू लागले. इतके दिवस गवताला टाळून पलीकडून वाहणारी धार मोकळ्या वाटेनं इकडं वळली. पाणी गढूळ झालं. साखराबाई चांदीच्या पायांभोवतीचा चिखल काठीनं ढवळत राहिली आणि धार तो नेत राहिली. आरोहीचे ओठ गारठ्यानं निळे पडले होते. मी हाका मारत होते, पण ती म्हशीचं तोंड सोडेना.

अखेर पुढचा एक पाय सुटला. मग दुसरा. "आता ओढा!" साखराबाई ओरडली, आणि या खेपेला दोर ओढताच चांदीनंही जोर लावला. ती काठावर आली तेव्हा तिचे चारी पाय लटपटत होते.

"भवाने, घरी कडबा कमी पडला व्हता का?" साखराबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि मग तिथंच हात ठेवून उभी राहिली.

गोठ्यात मी चहा नेऊन दिला. तिनं कपाला हात लावला नाही. "आधी ही रवंथ करू दे. न्हाई केली तर आत कायतरी बिघडलंय."

आम्ही तिघी चांदीच्या तोंडाकडे बघत बसलो. मग तिचा जबडा हळूच हलला, थांबला, पुन्हा हलला आणि हलतच राहिला.

"लागली गं बाई," म्हणत साखराबाईनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्याकडं वळली. "अन् लेकीला घरी ने आता. मघापासनं वलीच बसलीय."