सातवा टाका

फाटावं म्हणून कधी काही शिवलंय का तुम्ही? नसेल, तर आक्काच्या कामाला ‘नुसतं शिवणकाम’ म्हणू नका.

टीव्हीवरचं ते जुनं स्किट घराघरात पाहिलं गेलंय. ऐटबाज व्हायोलिनवाला गज ओढतो, दर ओढीला कोटाची बाही खांद्यापाशी उसवत जाते आणि शेवटच्या सुराला गजात अडकून थेट पियानोवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसते. ती बाही स्टुडिओच्या शिवणखोलीतल्या आक्काची.

“खराब शिवायला कसली अक्कल लागते?” व्यवस्थापक म्हणाला होता. आक्काने तोंडातली टाचणीसुद्धा काढली नाही. आठवडाभर तालमीला बसून तिने गजाच्या ओढी मोजल्या. कच्चा दोरा, सात टाके. तीन ओढींना दोन-दोन तुटणार, सातवा शेवटच्या सुराला.

कार्यक्रम थेट दाखवणार होते, चुकलं की चुकलं. वीस मिनिटं उरली असताना आक्काने सवयीने बाही हलकेच ओढून पाहिली. ढिम्म.

“मी मशीनची टीप मारली,” तिची धाकटी जाऊ म्हणाली. ती त्याच आठवड्यात हाताखाली आली होती. “किती विरळ टाके ते, आक्का. लोक हसले असते तुम्हाला.”

“अगं बाई, हसावं म्हणूनच तर पगार देतात.”

जाऊचा चेहरा खर्रकन उतरला. पण आक्काला बोलत बसायला वेळ नव्हता. सगळी टीप उसवेपर्यंत नटाला बोलावणं आलं. आक्काने कोट त्याच्या अंगावर चढवला आणि सुई ओवली.

“धून गुणगुणा. हात गजासारखा हलवा, हळू.”

“आणि टोचलं तर?”

“सुरात ओरडा.”

त्याच्या गुणगुणण्यावर तिने एकेक टाका घातला. सातवा घातला आणि तो धावतच रंगमंचावर गेला.

दोघी जावा विंगेत उभ्या राहिल्या. पहिली ओढ, दोन. दुसरी, दोन. तिसरी, दोन. बाही एका टाक्यावर लोंबकळली. जाऊने आक्काचं मनगट आवळलं. शेवटचा सूर लागला आणि बाही उडाली. हशा असा उठला की तो सूर त्यात बुडूनच गेला.

“तुटला,” जाऊ पुटपुटली.

“तुटणारच. मी घातला होता.”

शेवटच्या नामावलीत वेशभूषेपुढे व्यवस्थापकाचं नाव झळकलं. आजही तेच झळकतं.

म्हणून सांगते, ते स्किट पुन्हा लागलं तर पोट धरून हसा. पण बाही उडाली की शेजारच्याला कोपर मारून एवढं सांगा: ही आक्काची.