पोलाद्याला चटका बसतो का

माझा भाऊ मॅट्रिकला दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा इंग्रजीत. आणि त्याच भावाने त्या वर्षीचा आख्खा मे महिना इंग्रजी कॉमिक वाचण्यात घालवला. वाचण्यात म्हणजे, वाचत मी होते. तो चित्रं बघायचा.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला चाळीत राहायचो. दोन खोल्या, वर पत्रे. बाबा ठाण्याच्या एका गिरणीत कारकून होते. शिमग्याच्या सुमाराला आईचा दमा बळावला आणि डॉक्टरांनी तिला धुरात बसायची साफ मनाई केली. मग चूल माझ्याकडे आली. कुणी तसं ठरवलं नाही, मला विचारलं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचा डबा माझ्यापुढे होता, एवढंच. दहावीला मी वर्गात दुसरी आले होते. जूनमध्ये शाळा उघडली की अकरावी, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. पण मी शाळेत गेले तर भाकऱ्या कोण करणार? बाबा त्यावर हो नाही की ठो नाही. ते काय म्हणतात याची मी दोन महिने रोज वाट बघत होते.

कॉमिक आणायचा भावाचा मित्र. तो कळव्याचा, घरची मिठागरं. कल्याणच्या रद्दीवाल्याकडे लढाई संपल्यावर गोऱ्या सोल्जरांनी मागे टाकलेले गठ्ठे होते, त्यातून तो निवडून आणायचा. कुणाचं कव्हर गेलेलं, कुणाचं शेवटचं पान. मग दोघे आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. तिथे का? तर वाचून दाखवणारी तिथे होती. माझे दोन्ही हात पिठात, आणि हे दोघे पान माझ्या नाकासमोर धरून विचारणार, "हा काय म्हणतोय गं? आणि हा?" मी भाकरी थापता थापता मराठीत सांगायचे. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात ना, त्यातला प्रकार.

त्यातल्या एका वीराचं नाव त्यांनी पोलाद्या ठेवलं होतं. एका रविवारी आलेल्या कॉमिकात खलनायक पोलाद्याला कारखान्याच्या भट्टीत, वितळलेल्या लोखंडात ढकलतो, आणि हा हसत हसत बाहेर येतो. केससुद्धा विस्कटलेले नाहीत. झालं, दोघांची जुंपली.

भावाचं म्हणणं, त्याचं कातडंच जन्मतः तसं, त्याला चटका बसतच नाही. मित्र म्हणाला, "जन्मतः काही नसतं रे. आमच्या आगरावर ये वैशाखात. नवा माणूस अकरा वाजता आडवा होतो आणि जुना दिवसभर उभा असतो. सवय असते ती. आणि ऊन कातड्याला मारत नाही, डोक्याला मारतं. तुझा पोलाद्या भट्टीत गेला तर कातडं राहील, आतला मेंदू शिजेल त्याचं काय?" भावाला हे पटेना. मग दुसऱ्या एका वीराची गोष्ट निघाली, ज्याच्याकडे शक्ती वगैरे काही नाही, नुसता काळा पोशाख आणि बुरखा. तो आगरावर दुपारपर्यंत टिकणार नाही यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

मला हसू येत होतं, आणि मला एक सांगायचंही होतं. मी म्हटलं, "कातडं सोडा. तो भट्टीत श्वास कसा घेतो? धूर छातीत जात नाही का त्याच्या?" बाहेरच्या खोलीत आई खोकत होती म्हणून मला ते सुचलं असेल. भाऊ म्हणाला, "तू वाच. अक्कल नको पाजळू."

दोनदा इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेला माणूस मला हे सांगत होता. तवा तापला होता, मी पुढची भाकरी त्यावर टाकली.

मित्र म्हणाला, बोलून काय उपयोग, करून बघू. चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर भाकरी फुगायला ठेवली होती, ती हाताने उलटायची. भाऊ तावातावाने पुढे आला, बोटं लावली आणि "आई गं" करून भाकरी राखेत टाकली. बोटं तोंडात घालून नाचायला लागला.

आता जे केलं ते मीच केलं, त्याचा दोष कुणाला देत नाही. मी ती भाकरी उचलली, राख झटकली, परत निखाऱ्यावर ठेवली आणि नुसत्या बोटांनी उलटली. एकदा नाही, तीनदा, सावकाश. मला मिरवायचं होतं. बोटं चांगलीच भाजत होती, पण मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मित्र बघतच राहिला. भाऊ खूश. "बघ, म्हटलं नव्हतं? जन्मतःच असतं. बायकांची बोटं असतातच तशी. पोलाद्यासारखी." त्याचा वाद जिंकून झाला होता.

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तेही हसले. म्हणाले, "हिच्या हाताला चूल मानवली. चला, घोर मिटला. शाळेचं काय, पुढच्या वर्षी बघू."

दोन महिने वाट पाहिली ती याची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले, पिठाचे हात बाबांच्या पेपरावर ठेवले आणि म्हटलं, "हे बघा. भाजतं मला. रोज भाजतं." बोटांवर जुन्या फोडांवर नवे फोड होते. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "मग आजवर बोलली का नाहीस?"

या प्रश्नाचा राग माझा अजून गेलेला नाही. पोळतंय ते मला, आणि चूक कुणाची तर न बोलण्याची. मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत का कधी?" बाबा म्हणाले, "उलट बोलू नकोस. तुझ्या आईने वीस वर्षं चूल सांभाळली. तिची कधी तक्रार नव्हती."

आई भिंतीशी उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मलाही भाजायचं."

खोकल्यामुळे तिला तेवढंच बोलता आलं. बाबा पेपरात बघायला लागले. आणि मी? मी बाबांना बोल लावत होते, पण सोळा वर्षं तिच्या हातची गरम भाकरी खाताना मीही कधी विचारलं नव्हतं. मलाही वाटायचं, आईच्या हाताला काही होत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी उठले, तर आई चुलीपाशी. "तू जा," म्हणाली. बाबा म्हणाले, "बघ बाई, झेपेल का तुला," आणि आंघोळीला गेले. भावाने पाट मांडला आणि जेवायला बसला. घरात दोन धडधाकट पुरुष होते. आणि मी गेले, हेही सांगते. धुरात तिला सोडून वह्या-पुस्तकं घेऊन गेले.

आई पौषात गेली. चाळीतल्या बायकांनी तेरा दिवस जेवण पोचवलं. चौदाव्या दिवशी चूल थंड, आणि बाबा माझ्याकडे बघायला लागले. माझी परीक्षा मार्चात होती. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले ते उठले नाही. अकरा वाजले, बारा वाजले, भाऊ दोनदा येऊन बघून गेला. शेवटी बाबा उठले आणि चुलीपाशी गेले.

पहिल्या दिवशी त्यांच्या भाकऱ्या जळल्या, नंतरचे काही दिवस थापताना तुटत होत्या. आठव्या दिवशी भाकरी गोल झाली आणि टम्म फुगली. आठच दिवस लागले त्यांना शिकायला.