मिरचीच्या गोदामातलं घर

मुलाला दोन घरं पसंत होती. एक बागेजवळचं, दुसरं जुन्या गोदामात नवं केलेलं. कुठल्या वस्तीत राहायचं ते ठरेना, म्हणून सून-नातवासोबत मलाही गोदामात घेऊन गेला. "आबा, तुम्ही सांगा."

आत पाऊल टाकताच सून शिंकली. एजंट म्हणाला, "नवा रंग आहे, वास जाईल दोन दिवसांत."

"रंगाचा नाही बाबा. सुक्या मिरचीचा आहे. तो जात नसतो."

मी इथंच पोती वाहिली. आमची ही त्या खिडकीखाली नाकाला पदर बांधून मिरच्यांचे देठ खुडायची. घरी आली की ताकानं हात धुवायची, तरी तान्ह्या पोराला शिवायची नाही. "तुम्हीच घ्या त्याला, माझ्या बोटांची आग होतेय," म्हणायची, आणि लांबून बघत खोकत बसायची. त्या खोकल्यानंच गेली पुढं.

लोक वस्ती निवडताना शाळा बघतात, बाजार बघतात. भिंतींच्या पोटात काय मुरलंय ते कोण विचारतो?

मागं खोकला ऐकू आला. दचकून वळलो. खिडकीखाली सून उभी होती, नाकाला ओढणी, कडेवर नातू. त्याचे डोळे पुसायला तिनं हात उचलला.

"हात लावू नको त्याला!" मी ओरडलो.

सुनेनं आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. स्वच्छ होता.

मी मुलाला म्हटलं, "बागेजवळचं घे."