पुंजारामशेटचं एक शून्य

पुंजारामशेटला मोठेपणाची भारी हौस. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा. पारनेरच्या पेठेत त्याचं कापडाचं दुकान, घर आमच्या गावात. फेटा असा बांधायचा की दारातून आधी फेटा आत यायचा आणि मग सवडीनं शेट.

एकाहत्तर साली गावानं भैरवनाथाच्या देवळाला सभामंडप बांधला. वर्गणीची आमच्याकडं एक रीत होती. पहिल्या देणगीदाराचा आकडा दगडावर जरा फुगवून कोरायचा, म्हणजे मागच्यांना कमी द्यायची लाज वाटते. मग दुसरा-तिसराही पंचांच्या कानाला लागून आपला आकडा फुगवून घ्यायचा, ती गोष्ट वेगळी. पुंजारामनं दिले पाचशे एक. पावती तेवढ्याचीच. पण देवळाचे पंच भिमाजी पाटील यांनी दगडावर कोरून घेतले पाच हजार एक. शेटनं नको म्हटल्याचं कोणी ऐकलं नाही. उलट तो रोज दर्शनाला यायला लागला आणि आल्या आल्या दगडालाच हात जोडायचा. बायको राहीबाई मागून म्हणायची, "अवं, देव हिकडं हाय."

पुढच्या चैत्रात यात्रा भरली. नगरच्या इन्कम टॅक्स ऑफिसातले एक साहेब कुणाकडं तरी मटणाला आले होते. जेवण अंगावर आलं म्हणून मंडपात टेकले. समोर दगड. वाचायला दुसरं काही नव्हतं.

महिन्याभरात शेटला नोटीस. त्यानं वर्षाचं उत्पन्न चार हजार आठशे लिहून दिलं होतं, म्हणजे पाच हजारांच्या आत, म्हणजे कर माफ. ते चार हजार आठशे खरे की कसे, ते शेट जाणे आणि राहीबाई जाणे. पण एवढ्या मिळकतीत देवाला पाच हजार एक दिले कुठून, असं सरकार विचारत होतं.

शेट पावती घेऊन नगरला गेला. साहेबांनी पावती उलटसुलट पाहिली.

"पावती पाचशेची, दगड पाच हजारांचा. खरं कुठलं?"

"पावती खरी, सायेब."

"म्हणजे दगडावर खोटं कोरलंय?"

"खोटं न्हाई सायेब. पद्धत हाय."

"हे बघा, पावती घरी बसूनही लिहिता येते. दगड साऱ्या गावासमोर उभा आहे आणि तुम्ही त्याला कधी हरकत घेतली नाहीत. आकडा दुरुस्त करून घ्या, पंचांचं तसं पत्र घ्या. पंधरा दिवसांनी मी येऊन बघेन. नाहीतर जेवढं लपवलं तेवढा दंड, आणि वर मागचा कर."

देवाला न दिलेले पाच हजार सरकारला द्यायची पाळी आली. तेवढ्यात दुकानातलं निम्मं कापड गेलं असतं. शेटला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शून्य काढावं तर गावात तोंड कसं दाखवायचं, न काढावं तर गल्ल्यावर बसून काय विकायचं.

राहीबाईनं तिसऱ्या दिवशी भाकरीचं ताट समोर सरकवलं. "दुकान इकायचंय का शून्य, तेवढं सांगा. मला पाथरवटाला निरोप धाडायचाय."

भिमाजी पाटील लगेच धावत आले. "वैनी, असं करू नगा. एक शून्य काढलं की लोक बाकीची मोजत्याल."

"भाऊजी, तुमच्या नावाफुडं किती हायेत वो?"

पाटलांनी तिथंच बसून पत्र लिहून दिलं.

श्रीमंत नावाचा पाथरवट छिन्नी घेऊन आला, तसं गाव गोळा झालं. तो म्हणाला, "शून्य निघंल, पर खड्डा ऱ्हाईल. तिथं एक फूल कोरतो, म्हंजी वंगाळ दिसायचं न्हाई." ठोके पडायला लागले. शेट पायरीवर डोळे मिटून बसला होता.

"शेट, लई दुखतंय का?" कारभारी न्हाव्यानं विचारलं.

"तुजं काढत्याल तवा कळंल," शेट म्हणाला.

साहेब ठरल्या दिवशी आले. पाच, मग फूल, मग शून्य आणि एक.

"हे फूल कशाचं?"

शेटनं फेटा काढून मांडीवर घेतला. "तिथं माजा मोठेपणा हुता, सायेब."

साहेबांना हसू आवरेना. पत्र फायलीला लावून म्हणाले, "जा, प्रकरण मिटलं." मग सहज त्यांची नजर दगडावरच्या दुसऱ्या ओळीकडं वळली. त्या ओळीपुढं चहाची कपबशी घेऊन भिमाजी पाटील उभे होते. साहेब डावीकडं सरकले की पाटील डावीकडं, उजवीकडं सरकले की उजवीकडं. शेवटी साहेबांनी चहा घेतला आणि गाडी धरली.

त्या आठवड्यात श्रीमंतला आणखी सहा फुलांचं काम मिळालं. तो महिनाभर नावाप्रमाणे राहिला.

आणि पुंजारामशेट? तो आता पेठेत ओळखीच्या गिऱ्हाइकाला बसवून, चहा पाजून सांगायचा, "देवाला लोक हजारांनी देत्यात, बाबा. पर सरकारनं सोता गावात यिऊन तपासलेलं पाचशे एक साऱ्या तालुक्यात माजंच."