सुबेदाराचा हालता खिसा

सुबेदार बोलायला लागला की त्येचा खिसा हालायचा. उन्हाळा असू दे न्हाईतर पावसाळा, अंगात त्यो जुना खाकी कोट असायचाच, आन कोटाचा उजवा खिसा आतनं कुणीतरी कूस बदलावी तसा फुगायचा, बसायचा. सुबेदार त्या खिशावर हात ठिवून हळूच म्हणायचा, "गप, तायडे. माणूस हाय. भिऊ नगो." की खिसा गप. मी पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं माझंच डोळं फिरलं. त्या वक्ताला मी थोडी घेत हुतो, म्हणून कुणाला इचारलं बी न्हाई.

त्यो सुबेदार कवाच न्हवता. फौजेतनं नाईक हुऊन घरी आलेला. वाईच्या अलीकडं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. बाकीचं पेन्शनर पारावर बसून सरहद्दीच्या गोष्टी सांगायचं. ह्येची ड्युटी पुण्याच्या एका दवाखान्यात, औषध तपासायला उंदीर पाळत्यात त्या खोलीवर. म्हणून ह्यो सांगायचा, पांढऱ्या उंदराचं डोळं लाल का असत्यात. गावानं चेष्टंनं त्येला उंदरांचा सुबेदार केला, आन नाव चिकटलं ते चिकटलं.

माझं म्हणाल तर गाव मला पेंटर म्हणतं. मारतो चुना. शाळंच्या भितीला लय चुना मारलाय, आत बसलो न्हाई. आन उंदराला भितो. आमची मंडळी म्हणती, "तुमच्यापरास उंदीर बरा, सोताचं बीळ तर सोता उकरतुय." असल्या माणसाला दसऱ्याच्या आधी सुबेदाराच्या घराला चुना मारायचं काम आलं.

आत गेलो आन शिडी तिथंच ठिवून परत फिरलो. भितीच्या कडंनं पिंजरंच पिंजरं. सुबेदारानं मला बखोटीला धरून एकेकाची वळख करून दिली, पावण्याला घरची माणसं दाखवावी तशी. एका पिंजऱ्यात पांढरं बारकं उंदीर, कागद कुरतडून मऊ घरटं केलेलं. "ह्यास्नी एकटं ठिवलं की झुरत्यात." दुसऱ्यात गिनीपिग, शेपटी न्हाई, ढुंगणाकडनं बघितलं तर शेंडी नसलेला नारळ. बाहेर इळ्यानं गवत कापल्याचा आवाज आला की ही समदी शिट्ट्या मारायची. "ह्येचं पोर आयच्या पोटातनं डोळं उघडून येतंय. लय भित्रं, तुझ्यावाणी." एक गालफुग्या हुता, भाच्यानं पुण्यासनं आणल्याला हॅमस्टर. दिवसभर झोपायचा, उठला की दाणं गालात कोंबायचा, आन दुसरा हॅमस्टर शेजारी दिला तर त्येला फाडायचा. "भाऊबंदकी," सुबेदार म्हणला. झाडावरनं पडलेली एक खार बी हुती. "हिला कितीबी दूध पाज, ही आपली हुत न्हाई. दार उघडं दिसलं की चालली."

आन खिशात तायडी. पांढरा मोठा उंदीर, मांजराच्या पिल्लाएवढा. नावानं हाक मारली की यायची, सुबेदाराच्या बाहीतनं वर चढून मानंपाशी बसायची, आन लाडात आली की दात करकरायची. त्यो करकर आवाज ऐकला की मी शिडीची एक पायरी वर चढायचो. असली जनावरं दोन-अडीच वर्सं जगत्यात. एक गेली की सुबेदार दुसरीला त्येच नाव द्यायचा. म्हणायचा, "तायडी मरत न्हाई. कातडं बदलतीया."

सकाळच्या पारी त्येच्या घरावरनं जायाला बायामाणसं भ्यायची. आतनं हजेरी ऐकू यायची. "धोंडी?" थोडं थांबून सोताच म्हणायचा, "हाय." "सखू?" "हाय." "बापू?" "हाय." समद्यांची हजेरी झाल्याबिगर चहा घ्यायचा न्हाई. मी शिडीवरनं चेष्टा केली, "सुबेदार, ही पलटणीतल्या गड्यांची नावं व्हय?"

"न्हाई," त्यो म्हणला. "घरातली."

घरात तर त्येच्या कोण न्हवतं.

त्यो सुपात दाणं पाखडत हुता. सूप बाजूला ठिवलं आन त्येनं सांगितलं. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसास्नी एक नेम ठावा. घरात उंदीर पडला की पलेग आला. चूल तशीच सोडायची आन माळावर खोपी घालून ऱ्हायाचं. सुबेदार तवा बारका हुता. थोरल्या भणीचं, तायडीचं, लगीन. तिच्या अंगाला हळद लागलेली, वऱ्हाड सांगलीवरनं निघालेलं. आन आढ्यावरनं उंदीर पडला, जात्याच्या म्होरं. सोताभवती गिरक्या घेतल्या आन निजला.

"मी बघितला, आयनं बघितला. आय म्हणली, आजचा दीस जाऊ दे, उद्या जाऊ माळावर. वऱ्हाडाला कळलं तर माघारी जाईल. हातातलं सूप त्येच्यावर उलथं घातलं. मला म्हणली, बोलू नगो."

"मंग?" मी इचारलं. मला कुठं गप बसावं ते कळत न्हाई.

"मंग ते सूप उचलायला घरात कोण ऱ्हायलं न्हाई. मी तेवढा."

त्या दिशी मी त्या घराच्या एकाच भितीला तीनदा चुना मारला. हात चालत हुता, ध्यान न्हवतं. पिंजऱ्यात बापू तोंड धूत हुता.

जाताना मी इचारलं, "मंग एखादं जनावर मेलं तर घर सोडणार व्हय?" तर म्हणला, "मेलेला येगळा, पडलेला येगळा. म्हातारा हुऊन मेला त्यो कोपऱ्यात मरतुय. पडलेला वरनं येतुय, मधोमध, माणसाच्या म्होरं. सांगायला येतुय."

म्होरच्या एका साली दसऱ्याच्या आगंमागं सुरतेकडं पलेग आल्याची बातमी रेडूवर आली. समदं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागलं. माझं तोंड बांधलेलं बघून आमच्या मंडळीला लय बरं वाटलं. घरोघरी पिठाच्या गोळ्यातनं इख घातलं. मंग चार माणसं सुबेदाराच्या दारात गेली. मी बी मागं हुतो, पुढं कवाच नसतो.

"सुबेदार, दसऱ्यापातूर ही जनावरं मारा. न्हाईतर आमी मारू. गावाला धोका हाय."

सुबेदार खिशावर हात ठिवून हुबा. "मारा की. पर मंग मला सांगणार कोण? ही जिती हायत तवर कळतंय, घराला काय न्हाई."

माणसांनी इखाच्या गोळ्या दिल्या त्या त्येनं घेतल्या, आन माणसांच्या देखत परड्यात पुरून टाकल्या.

दसरा दोन दिसांवर आला, मी चुना मारायला गेलो. सुबेदार परड्यात गवत कापत हुता. इळ्याचा खस्खस् आवाज येत हुता, आन मला मधीच उमगलं की गिनीपिग शिट्ट्या मारंनात. बघितलं तर समदी पिंजऱ्यांच्या मागल्या अंगाला, एका जागी, गोळा हुऊन बसलेली. तोंडं आढ्याकडं. मी बी वर बघितलं.

तेवढ्यात त्यो पडला. काळा, घरचा साधा उंदीर. मधोमध. माझ्या म्होरं. सोताभवती गिरक्या घेतल्या. मी हातातला कुंचा टाकला, जे हाताला लागलं ते त्येच्यावर फेकलं आन शिडीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. मर्दानगी यवढीच.

दारात सुबेदार, हातात गवत. खाली बघितलं तवा मला कळलं, मी फेकलं ते सूप हुतं. उलथं पडलेलं.

"पेंटर, काय झाकलंस?"

"आवं... काय न्हाई. शेजारचा आसंल. औषध खाऊन आला आसंल वरनं."

त्येच्या हातातलं गवत खाली पडलं. म्होरं आला, वाकला, सूप उचलून सुलथं करून भितीला लावलं. उंदीर निजला हुता. "झाकायचं न्हाई," त्यो म्हणला. "आये, झाकायचं न्हाई." त्यो आवाज त्येचा न्हवता बगा. बारक्या पोराचा हुता. खिशात तायडी दात करकरत हुती.

मंग त्यो गावात निघाला. दारोदार. आन ज्या दारात जावं तिथं बाया मेलेलं उंदीर सुपलीत भरत हुत्या, कारण इख समद्यांनीच घातलं हुतं. ह्येला तर समद्या गावात उंदीर पडलेलं दिसलं. "उंदीर पडल्यात. चूल सोडा. पोरं घ्या, माळावर चला." "आवं आबा, औषधानं मेल्यात त्ये," बाया हसायच्या. "सांगायला आलेल्याला कशानं मेलास इचारत न्हाईत, बाई," त्यो म्हणायचा आन फुडच्या दारात जायाचा. माझ्या दारात आला तवा हात धरला माझा. हात थंडगार. "तू तरी चल. तू बघितलायस."

मी आमच्या मंडळीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी न्हाई गेलो. हातगाडी तेवढी ढकलली, पिंजरं घालून. माळावर उसाच्या पाचटाची खोप घातली. खारीचा पिंजरा त्येनं तिथं उघडला. ती गेली, माघारी बघितलं बी न्हाई. "बघ, म्हणलं हुतं का न्हाई," सुबेदार म्हणला.

पलेग काय आला न्हाई. गाव पोट धरून हसलं. मी भाकरी, दाणं घिऊन जायाचो, आन आगाऊ माणूस, ते बी सांगायचो, "सुबेदार, गाव हसतंय बगा तुमाला."

"हसतंय न्हवं? जितं हाय म्हणून हसतंय." आन समाधानानं चहा फुकायचा. "हसू दे की. त्या येळी आमच्या घरात हसायला कोण ऱ्हायलं न्हाई." हजेरी आता माळावर चालायची, वाऱ्यावर गावापातूर यायची. घराकडं काय त्यो परत आला न्हाई.

थंडी लय पडली त्या साली. एक दिस उन्हं वर आल्यावर मी गेलो तर सुबेदार बाजंवर पडलेला, अंगात कोट. खिसा हालत हुता. म्हणलं, पडू दे, दमलाय. उशाला बसलो आन गावातल्या गमती सांगाय लागलो. मंडळीनं मला कसं घराबाहेर काढलं, मी चुन्याच्या डब्यात कसा पाय घातला. सांगतोय, मीच हसतोय. लय येळानं वाटलं, ह्यो आज हसत का न्हाई? म्हणून तोंडाकडं बघितलं.

मड्याला जोक सांगणारा दुसरा माणूस सातारा जिल्ह्यात गावायचा न्हाई.

माणसं आली. अंघूळ घालायची म्हणजे कोट काढाय पायजे, आन कोटाला हात लावायला कोण म्होरं हुईना. खिसा आपला हालतुय, मधीच वर, मधीच खाली, बाकीचं अंग गार. एक जण म्हणला, "आरं, जीव हाय अजून." दुसरा पळालाच. समद्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिडी कुठं दिसती का बघितली. माळावर शिडी कुठली.

खाली वाकलो. म्हणलं, "तायडे. माणूस हाय. भिऊ नगो."

खिसा थांबला. मंग ती बाहेर आली, लाल डोळं माझ्यावर लावून, आन माझ्या बाहीतनं वर चढली. ऊन लागलं तिचं अंग. ती ऊब तिची का सुबेदाराची, मला अजून सांगता येत न्हाई.

पिंजरं आता माझ्या घरात हायत. मंडळी बोलायची बोलली, आन मंग गवत कापाय लागली. ती तायडी कवाच गेली, तिच्या मागनं आणखी गेल्या, नाव त्येच. चुना मारताना कुणाच्या घरात सूप उलथं दिसलं की मी आधी ते सुलथं करतो, मंग कुंचा धरतो. लोक म्हणत्यात, पेंटरला खूळ लागलं. लागू दे की.

उंदराला मी अजून भितोच. पर पयलं खिसा हालला की भ्यायचो. आता सकाळच्याला चहाच्या आधी सोताच्याच खिशावर हात ठिवतो, आन जरा येळ लागला हालायला, की भितो.