स्टेपनी घरी, आप्पा गाडीत

"मॅडम, आप्पा गाडीतून उतरत नाहीयेत."

मला फोन टायरसाठी आला होता. मी विचारलं, "टायरचं काय झालंय?"

"टायर रिममधून बाहेर आलाय. पण मॅडम, आप्पा..."

"गाडी कुठे आहे?"

"राजोडीला. बीचवर."

"बीचवर म्हणजे रस्त्यावर, की रेतीत?"

हळूच उत्तर आलं, "पाण्याजवळ."

मी टायर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. फाटलेले, फुगलेले, जळलेले टायर तपासून दोष टायरचा की चालवणाऱ्याचा हे सांगायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा दोष चालवणाऱ्याचाच निघायचा, म्हणून माझ्यावर फारसं कोणी खूश नसायचं. निवृत्त झाल्यावर माणिकपूरला छोटं वर्कशॉप टाकलं. आडवाटेला अडकलेल्या गाड्या सोडवते, आणि आडवाटेवर गाडी कशी चालवायची ते शिकवते. दुसऱ्या कामात मन लावून शिकणारे कमी, त्यामुळे पहिलं काम जोरात चालतं.

फोन करणाऱ्याचं नाव निखिल. राहायला विरारला, नोकरी अंधेरीला. मी पोचले तेव्हा तो गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता. मोठी फोर बाय फोर गाडी समुद्राला समांतर उभी. पुढचं डावं चाक, म्हणजे समुद्राकडचं, अर्धं रेतीत. वाटेत 'किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई' असा बोर्ड होता. तो मी वाचला होता, निखिलनेही वाचलाच असणार.

पुढच्या डाव्या सीटवर आप्पा बसले होते. निखिलचे वडील. वेंगुर्ल्याकडचे, आयुष्यभर लाल डबा चालवलेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, आणि समुद्राच्या काठी वाढलेला माणूस फ्लॅटच्या गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर बघत राहिला. निखिलने मग या गाडीची सीट खास बनवून घेतली. खटका ओढला की सीट दाराकडे वळते आणि खाली उतरते, शेजारी व्हीलचेअर लावायची. कितीतरी महिने खटपट करून ती जमली होती. आप्पांची बाहेर पडण्याची पहिलीच वेळ, आणि त्यांची मागणी एकच. समुद्रात पाय बुडवायचे.

व्हीलचेअर रेतीत चालत नाही. म्हणून निखिलने गाडीच पाण्याजवळ नेली. मला राग आला होता, पण हे ऐकल्यावर तो नीट काढता येईना.

"हवा किती ठेवली होतीस?"

"आठ. व्हिडिओत सांगितलं होतं, रेतीत हवा कमी करा."

रेतीत हवा कमी करायची, हे खरं. टायर चपटा होऊन पसरतो आणि रुतत नाही. पण आठ म्हणजे फारच कमी, रस्त्यावर तीसच्या आसपास असते. ट्यूबलेस टायरची आतली कड लोखंडी रिमच्या खाचेत बसलेली असते. तिला बीड म्हणतात. आत ट्यूब नाही, म्हणजे हवा कोंडून धरायचं काम या कडेचंच, आणि तिला खाचेत दाबून ठेवते ती हवाच. हवा काढून टाकली आणि स्टिअरिंग गर्रकन फिरवलं की रिम वळते, टायर वळत नाही. कड सुटते.

निखिलने नेमकं तेच केलं होतं. आप्पांचं दार समुद्राकडे यावं म्हणून त्याने पूर्ण उजवीकडे वळण मारलं. सगळं वजन बाहेरच्या डाव्या चाकावर आलं, आणि कड निघाली.

"तेव्हाच थांबायचंस ना!"

"थांबणार होतो. पण आप्पा म्हणाले, रेस दे."

"मगे?" आप्पा आतून गरजले. "घाटात गाडी अडकली तर रेस दिल्याशिवाय निघता काय?"

घाट डांबराचा असतो. इथे रेस दिल्यावर चाक जागच्या जागी फिरलं, खाली गेलं आणि रेतीत पुरलेल्या जुन्या लोखंडी गजाला जाऊन भिडलं. टायरच्या गालाला, म्हणजे साइडवॉलला, भोक पडलं. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, सीटवरून गाडी हाकलेली पहिल्यांदा बघितली.

"स्टेपनी काढ."

निखिल रेतीकडे बघू लागला. "स्टेपनी घरी आहे. डिकीत व्हीलचेअर मावत नव्हती."

निखिलच्या फोनवरून त्याचे एक शेजारी स्टेपनी घेऊन निघाले होते, पण रविवारच्या ट्रॅफिकमधून विरारहून राजोडीला ती कधी पोचणार? माझ्याकडच्या एकाही चाकाचं माप या गाडीला बसत नव्हतं.

तेवढ्यात होडीजवळ जाळं आवरणारे हरेश्वरदादा आले, मागोमाग त्यांचा भाऊ. राजोडीचेच मच्छीमार. दादांनी गाडीकडे नाही, समुद्राकडे बघितलं.

"बाई, पानी लागलंय चढायला. हितला किनारा सपाट हाय. पानी चढत नाय, धावत येतं. ट्रॅक्टर बोलवू?"

"नको. चाक असं तिरकं रुतलेलं असताना ओढली, तर गाडी वर येईल आणि चाक इथेच राहील."

खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये शिरलं की गाडी भंगारात. आणि मनाई असलेल्या किनाऱ्यावर बुडालेल्या गाडीसाठी इन्शुरन्सवाले अश्रू ढाळत नाहीत. गाडी गेली की ती सीट गेली, आणि सीट गेली की आप्पा पुन्हा गॅलरीत. निखिलच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं. टायर इथेच, आत्ताच बसवायला हवा होता.

पहिली अडचण आप्पा. जॅकवर चढवलेल्या गाडीत माणूस ठेवायचा नाही, हा माझ्या धंद्यातला न मोडायचा नियम.

"आप्पा, उतरा."

"मी काय उतरूचंय नाय. गाडी सोडून ड्रायव्हर पळता काय?"

"ड्रायव्हर निखिल आहे."

"तो? तेका वळवूक तरी येता?"

अशा माणसाला हुकूम देऊन उपयोग नसतो. ड्युटी द्यावी लागते.

"आप्पा, मला माणूस कमी पडतोय. तो पुढे रेतीतला खुंट दिसतो? माझी पाठ समुद्राकडे असणार. खुंटाला पाणी लागलं की मोठ्याने ओरडायचं. जमेल?"

"ओरडाक?" आप्पांची छाती फुगली. "अख्ख्या स्टँडात माझो आवाज जायचो."

सीट वळली, खाली आली, आप्पा व्हीलचेअरवर बसले. होडी किनाऱ्यावर चढवताना तिच्याखाली घालतात त्या जाड फळ्या दादांनी आणल्या. एकीवर व्हीलचेअर ठेवली, गाडीपासून चार पावलं समुद्राकडे. खुंट तिथूनच नीट दिसतो, असा आप्पांचा हट्ट होता. दुसरी फळी जॅकखाली गेली. नाहीतर रेतीत गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो.

चाक वर आलं. रिमच्या खाचेतली रेती ब्रशने काढली. एक कण जरी राहिला तरी हवा धरत नाही. भोकात चिकट रबराच्या दोन स्ट्रिप कोंबल्या. इथे कान धरून सांगते, साइडवॉलचं पंक्चर कधीही काढायचं नाही. चालताना टायरचा गाल सतत लवतो, तिथे स्ट्रिप टिकत नाही आणि टायर वेगात फुटतो. मी हे केलं ते फक्त रेतीतून चालण्याच्या वेगाने बाहेर पडण्यासाठी. पुढे तो टायर मी स्वतः भंगारात टाकला.

मग कडेला शॅम्पूचं पाणी लावलं, म्हणजे ती घसरून खाचेत बसते. कॉम्प्रेसर लावला. फुस्स. कड आणि रिम यांच्यात बोटभर फट, जेवढी हवा आत जायची तेवढीच बाहेर.

यावर उपाय आहे. टायरच्या पोटाला पट्टा बांधून आवळायचा. पोट आत दबलं की दोन्ही कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात. काही शूर लोक आत पेट घेणारा स्प्रे मारून काडी लावतात. त्यांची बोटं मी मोजलेली आहेत. मी पट्टाच वापरते. पण माझ्या पट्ट्याचं आवळायचं दातेरी चाक खाऱ्या हवेने गंजून बसलं होतं. दुसऱ्यांना शिकवणारीचं हे सामान! मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या दिल्या.

"दादा, दोर आहे? आणि एखादा दांडा?"

"दोराला काय तोटा?"

जाळ्याचा जाड दोर टायरभोवती दोन वेढे घेऊन बांधला. त्यात वल्ह्याचा तुटका दांडा अडकवला आणि पिळायला सुरुवात केली. दादा आणि त्यांचा भाऊ दांड्यावर, निखिल कॉम्प्रेसरवर, मी चाकापाशी गुडघ्यांवर. एक पीळ, आणखी एक. टायरचं पोट आत गेलं. फट मिटली.

"सोड हवा!"

फुस्स थांबलं. काटा हलला. टायर कुरकुरला.

"दोर सैल करा. चेहरे लांब!"

ठाक! एक कड बसली. ठाक! दुसरीही बसली. धंद्यात मी पुष्कळ आवाज ऐकलेत, पण याच्याएवढा गोड आवाज नाही. निखिल ओरडला, दादा हसले, आणि मी इतकी खूश झाले की चाकाला थापट मारली.

तेव्हा माझ्या गुडघ्यांना पाणी लागलं.

वळून बघितलं. खुंट दिसतच नव्हता. आप्पा घोट्यांपर्यंत पाण्यात, चपला गायब, नजर दूर क्षितिजावर. तोंडातून चकार शब्द नाही.

"आप्पा!"

दादा आणि त्यांच्या भावाने आप्पांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी जॅक काढला, बाकीच्या चाकांत थोडी हवा वाढवली, फळ्या पुढच्या चाकांखाली सरकवल्या आणि स्टिअरिंगवर बसले. लो गिअर. रेस अगदी नावाला. वळण इतकं मोठं की समोरून बघणाऱ्याला वाटावं, बाई फिरायला निघाल्यात. वरून आप्पांचा आवाज आला, "दाब गो! रेस दे!" खरंच, अख्ख्या स्टँडात गेला असता.

मी दाबली नाही. गाडी सावकाश, बैलाच्या चालीने कडक जमिनीवर आली. मागे आमच्या चाकोऱ्यांत समुद्र शिरत होता. होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खिडकीतून हात हलवून त्या घेतल्या. का घेऊ नयेत?

थोड्या वेळाने स्टेपनी आली, रिक्षात मागच्या सीटवर एकटी बसून. ते शेजारी पुढे ड्रायव्हरजवळ. चाक बदललं. निखिल आप्पांचे पाय टॉवेलने पुसत होता आणि त्याचे डोळे कोण पुसणार असा प्रश्न होता.

मी मात्र आप्पांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "एक काम दिलं होतं. ओरडला का नाहीत?"

आप्पांनी आपल्या ओल्या पायांकडे बघितलं.

"ओरडाक तोंड उघडलंय गो बाय. पण मगे मनात इला, ओरडलंय तर ही माणसां माका उचलून वर नेतली. पाय कोरडेच रवतले."

तेव्हापासून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगते. स्टेपनी गाडीत ठेवा. आणि भरतीवर नजर ठेवायला, समुद्राला भेटायला आलेला माणूस बसवू नका.